तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मी’ गेला का?

“एवढी वर्षं रोज इष्टलिंग हातात घेऊन बसता, मग अहंकार गेला का?” तळ्याकाठी फिरायला येणारे विचारतात, पंगतीत शेजारी बसलेले विचारतात, घरचे तर भांडणाच्या मधोमध विचारतात. (इष्टलिंग म्हणजे लिंगायत गळ्यात बाळगतात आणि तळव्यावर घेऊन पूजतात ते लहानसं शिवलिंग.) पोटातला प्रश्न वेगळाच असतो: परवा रिक्षावाल्यावर ओरडलात ते कसं काय? एकदाच काय ते सांगून टाकतो.

नाही गेला.

आणि ‘गेला का’ हे विचारणंच मला पटत नाही. अहंकार म्हणजे काय पडसं आहे, आठवडाभरात जायला? पतंजलींच्या योगसूत्रांत त्याला अस्मिता म्हटलंय. पाच क्लेशांत, म्हणजे मनाला पिडणाऱ्या दोषांत, तिचा नंबर दुसरा, अविद्येच्या म्हणजे अज्ञानाच्या खालोखाल. क्लेशांच्या अवस्था चार: प्रसुप्त, तनू, विच्छिन्न आणि उदार. म्हणजे झोपलेला, रोडावलेला, दुसऱ्या क्लेशाआड गेलेला आणि उघड्यावर हिंडणारा. फसवणूक तिसऱ्या अवस्थेत होते. एरवी कुणाला न जुमानणारा बाप मुलीच्या लग्नात व्याह्यांपुढे हात जोडून फिरतो. बघणारे म्हणतात, माणूस किती बदलला! बदलला काही नाही. लेकीची माया पुढे आली, अस्मिता तिच्या मागे उभी राहिली. वरात गेली की मंडपवाल्याशी बोलताना ती पुन्हा पुढे. साधकांचंही असंच होतं. डोळे मिटून बसल्यावर मिळणारी शांतता पुष्कळदा विच्छिन्न असते, तिला मुक्ती समजू नये.

आता बसतो म्हणजे काय करतो ते ऐका, कारण विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटतं की आम्ही नुसते डोळे मिटून डुलक्या काढतो. स्नान, कपाळाला विभूती, बैठक. लिंग डाव्या तळव्यावर, डोळ्यांच्या उंचीला. दिवा समोर ठेवायचा नाही, खांद्याच्या मागे ठेवायचा. लिंगावरचा लेप काळा आणि चकचकीत असतो, त्यात ज्योतीचा एक बारीक ठिपका उमटतो. नजर त्या ठिपक्यावर आणि मनात ‘ॐ नमः शिवाय’. नवख्याचा हात पाच मिनिटांत खाली येतो, कारण कोपर अधांतरी असतं. ते बरगडीला टेकवायचं. हात खाली आला की मान वाकते, मान वाकली की श्वास आखूड होतो, आणि मग माणूस म्हणतो, माझं मन लागत नाही. मनाचा काय दोष, दोष कोपराचा आहे. डोळ्यांत पाणी आलं तर मिटून घ्यावेत. तो हट्टाचा विषय नाही, आणि ज्यांना डोळ्यांचा आजार आहे त्यांनी ताणून बघत बसूच नये.

इथवर सगळं हातापायाचं. खरी गंमत पुढे आहे. पंधरा-वीस मिनिटांनी ठिपका हलायचा थांबतो. दोन-तीन श्वास तिथे कुणीच नसतं, फक्त उजेड. आणि चौथ्या श्वासाला आतून आवाज येतो: ‘जमलं बरं का आज.’ ठिपका लगेच हलतो. आवाज दाबायला गेलात तर ‘मी आवाज दाबला’ म्हणून दुसरा येतो, तो पहिल्यापेक्षा चिवट. म्हणून दाबायचं नाही. मंत्र जिथे तुटला तिथून उचलायचा. एका बैठकीत हे वीस वेळा झालं तर ती बैठक वाईट नव्हे. एकदाही झालं नाही असं वाटलं, तर मात्र संशय घ्यावा, बहुतेक डुलकी लागलेली असते.

“मग उपयोग काय?” हा तुमचा दुसरा प्रश्न. त्यासाठी आपल्या गावातलीच गोष्ट काढावी लागते. तुम्हाला ती माहीत आहे, पण तुम्ही ती चमत्काराची म्हणून ऐकली आहे.

बारावं शतक. गावाचं नाव सोन्नलिगे, म्हणजे आपलं सोलापूर. शिवयोगी सिद्धराम, म्हणजे आपले सिद्धेश्वर, तळं खणवून घेताहेत, देवळं उभी करताहेत, अडुसष्ट लिंगांची स्थापना करताहेत. शेकडो हात कामाला. तिथे अल्लमप्रभू हे फिरते शिवशरण संत येतात आणि खणणाऱ्यांना विचारतात, तुमचा तो वड्ड रामय्या कुठाय? वड्ड म्हणजे दगडमातीचं काम करणारा. पंधराव्या शतकातल्या शून्यसंपादने या कन्नड ग्रंथात हा प्रसंग आहे. शब्द ऐकून कामकरी भडकले आणि त्यांनी अल्लमांवर दगड उचलले.

इथे थांबा. ज्यांच्या हातात कुदळ होती, त्यांना ‘कुदळवाला’ ही शिवी वाटली. आपल्या गुरूला आपल्यासारखं म्हटलेलं त्यांना खपलं नाही. पहिला दगड सिद्धरामांनी नाही मारला, भक्तांनी मारला. अहंकार उसना घेता येतो, आणि उसना घेतलेला जास्त चावतो, कारण ‘मी माझ्यासाठी कुठे रागावलो?’ ही सबब तयार असते. आमच्या समाजातली, तुमच्या पक्षातली, सगळ्यांच्या महापुरुषांवरून होणारी भांडणं आठवून बघा.

दगड अल्लमांना लागले नाहीत. मग सिद्धराम स्वतः आले, संतापून. कथा म्हणते, त्यांनी तिसरा डोळा उघडला आणि ती आगही अल्लमांना जाळू शकली नाही. चमत्कार बाजूला ठेवा. उरतं काय? स्वतःसाठी काही न मागणारा योगी, लोकांच्या पाण्यासाठी राबणारा, आणि एका शब्दाने पेटला. शब्द खोटाही नव्हता. तळं खणणाऱ्याला खणणारा म्हटलं होतं. लोभ गेलेला, संसाराची ओढ गेलेली, आणि ‘मी करतो’ तेवढं जागच्या जागी. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात म्हटलंय की अहंकार अज्ञान्याच्या फारसा मागे लागत नाही, तो जाणत्याच्या गळ्याला झोंबतो. सोन्नलिगेत ते झोंबणं भर बांधकामावर, सगळ्यांसमोर झालं.

पुढे वादावादी झाली, सिद्धराम निवळले, अल्लमांबरोबर कर्नाटकातल्या कल्याणला (आजच्या बसवकल्याणला) गेले आणि तिथे बसवण्णांचे भाचे चेन्नबसवण्णा यांनी त्यांना इष्टलिंग दिलं. एवढी लिंगं उभारलेल्या माणसाच्या तळव्यावर एक लहानसं लिंग आलं. रोज सकाळी कोपर बरगडीला टेकवताना याहून वेगळं काही डोक्यात येत नाही.

पूर्वी मी ठासून सांगायचो की अल्लमांचंच बरोबर: काम सोडा, आत वळा. आता तितकं ठासून बोलवत नाही. अल्लम फिरस्ते होते. त्यांच्या नावावर तळं नाही. पाऊस कमी असलेल्या मुलखात तळं कुणीतरी खणायला लागतं, आणि खणणाऱ्याला थोडं ‘मी खणीन’ वाटल्याशिवाय कुदळ उचलली जाते का? अल्लमांच्या बाजूने एवढं म्हणता येईल की तळं बुजव असं त्यांनी सांगितलं नाही. सिद्धरामांच्या वचनांखाली, म्हणजे त्यांच्या छोट्या कन्नड रचनांखाली, त्यांचं नावही नसतं, ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही देवाच्या नावाची मुद्रा असते. आणि आपण काय केलं? संक्रांतीच्या गड्डा यात्रेत त्यांचे सात नंदीध्वज निघतात, तेही पहिल्या मानाचा, दुसऱ्या मानाचा असे ओळीने. हे मी चिडून म्हणत नाही. बाराबंदी घातलेली पोरं ती उंच काठी तोलत निघाली आणि ‘हर्र बोला हर्र’चा गजर उठला की माझीही छाती फुगते. सिद्धरामांसाठी फुगते की ‘आमच्या’ सिद्धरामांसाठी, ते तुम्ही विचारू नका.

तर रिक्षावाल्याचं. ओरडलो, बरोबर आहे. तुम्हाला उपयोगच हवा असेल तर तो इतकाच: ओरडत असताना, वाक्य अर्ध्यावर असताना, ठिपका हललेला कळतो. कधी पुढचं अर्धं वाक्य गिळता येतं. परवा आलं नाही. पाच रुपये जास्त मागत होता आणि वर ‘काय बे’ म्हणाला. माझं वय बघून तरी.