मेणावर शाई बसेना

दहा-अकरा वर्षांच्या मुलांकडून मेणखडू आणि काळ्या शाईचं खरवडून काढायचं चित्र करून घ्यायला दोन तासिका पुरतील, असं मला वाटलं होतं. लागल्या चार. कागदावर खडूचे रंग, त्यावर शाईचा थर, आणि शाई खरवडली की खालचे रंग दिसतात, असं हे चित्र.

आधी कागद चुकला. साधा ड्रॉइंग पेपर ओरखड्यांनी फाटायला लागला, म्हणून जाड कार्डशीटचे पोस्टकार्डाएवढे तुकडे केले. एवढासा चौकोन रंगवायलाही अख्खी तासिका गेली, आणि ती जाऊ द्यावी. सगळं चित्र याच थरावर उभं असतं. खडू इतका दाबून फिरवायचा की पांढरा ठिपकासुद्धा दिसता कामा नये. फट राहिली की शाई थेट कागदात मुरते, मग कितीही खरवडा, रंगाऐवजी कागदाचा लगदा निघतो. रंग पिवळा, केशरी, गुलाबी, पोपटी असे उजळच घ्यायला सांगितले.

शाई लावली, तर ती अळवावरच्या पाण्यासारखी थेंब थेंब होऊन बाजूला सरली. मेण पाणी धरत नाही हे ठाऊक असूनही मी गाफील राहिले होते. पुढच्या तासाला शाईत भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकले, रंगावर कापसाने थोडी टॅल्कम पावडर चोळून झटकली आणि मग ब्रश फिरवला. बसली! एक हात उभा, तो वाळल्यावर दुसरा आडवा. थर फार जाड झाला तर पापुद्रे उडतात.

वाळेपर्यंत मुलांना स्ग्राफितोबद्दल सांगितलं. इटलीत भिंतीवर दोन रंगांचे गिलावे एकावर एक देऊन, वरचा ओला असतानाच खरवडून नक्षी काढत. आपल्याला मात्र पूर्ण वाळायची वाट पाहावी लागते.

एक मुलगी शाई लावायला तयारच होईना. “बाई, माझे रंग जातील ना.” तिने पट्टे खरोखर जीव ओतून भरले होते. मी आग्रह केला नाही, माझा नमुन्याचा तुकडा तिच्यापुढे ठेवला. संपलेल्या रिफिलीने तिने एक रेघ ओढली. काळ्यातून केशरी उमटलं आणि पुढे सरकता सरकता पिवळं झालं. टोकावर जमलेला काळा भुगा तिने फडक्याला पुसला, आणखी एक रेघ ओढली, आणि स्वतःहून शाईची वाटी मागितली.

(भुगा चित्रावरून हाताने पुसू नये, सगळं बरबटतं. कोरड्या ब्रशने झटकावा. चुकलेल्या रेघेवर पुन्हा शाई लावता येते.)

तिने मासा काढला. बाकीची मुलं कोरताना “अरे, हिरवा निघाला!” म्हणून ओरडत होती. ती गप्प होती. कुठल्या खवल्याखाली कुठला रंग आहे, हे तिला पाठ होतं.