ओसी अडली ती फायरच्या एनओसीपाशी

मी पुण्यात एका बिल्डरकडे प्रोजेक्ट मॅनेजर आहे. बारा मजली इमारत वेळेत उभी राहिली. ड्रेनेज, पाणी, झाडं, लिफ्टचा परवाना, ही कामं नेहमीच्या हेलपाट्यांत झाली. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, अडलं ते अग्निशमनच्या अंतिम नाहरकतीपाशी. आठवलं की अजून डोकं फिरतं.

परवानाधारक एजन्सीने ए फॉर्म, म्हणजे आगीविरुद्धची यंत्रणा नियमाप्रमाणे बसवल्याचा दाखला, दिला होता. पंप चालू, टाक्या भरलेल्या. अग्निशमनचे साहेब आले, जिन्यातून खाली-वर फिरले, 'फायर डोअरला टॅग नाहीत' म्हणाले आणि गेले. टॅग दुसऱ्याच दिवशी लागले, पण फेरतपासणीची तारीख काही मिळेना. मिळाली तेव्हा दुसरेच साहेब आले, त्यांना टॅगचं काही नव्हतं, त्यांना रेफ्यूज एरियातलं, म्हणजे आग लागल्यावर रहिवाशांनी थांबायच्या मोकळ्या जागेतलं, रेलिंग खटकलं. नकाशात नाही म्हणे. नकाशा सुधारून नेला. पुढच्या खेपेला गच्चीवरच्या हायड्रंटचं, म्हणजे आग विझवायच्या नळाचं, प्रेशर बघितलं, गेजचा काटा 3.5 किलोच्या वर. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात, 'आठव्या मजल्यावरचा होज बॉक्स (पाण्याच्या पाइपाची पेटी) उघडा.' किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन जेवायला गेलेला. त्यावरही शेरा!

त्रुटी काढा ना, तुमचं कामच आहे ते. पण हप्त्याहप्त्याने कशाला? इकडे महारेराला, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाला, दिलेली ताब्याची तारीख जवळ येत होती. ती हुकली की ताबा मिळेपर्यंत महिन्यामहिन्याचं व्याज ग्राहकाला मागता येतं, आणि ग्राहकांना तर ते तोंडपाठ असतं. मालकांचा फोन रोज सकाळी.

शेवटी मीच तपासणीचा तक्ता करून छापून नेला. प्रत्येक मजला, प्रत्येक बाब, पुढे शेऱ्याला रिकामी जागा. 'साहेब, राहिलेलं सगळं आजच लिहून द्या, खाली सही करा.' त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा कागदाकडे बघितलं, आणि लिहिलं. चारच मुद्दे निघाले. ते पुरे केल्यावर नाहरकत आली आणि पाठोपाठ ओसीही. हा तक्ता आता आमच्या बाकीच्या साइटवरही वापरतात, याचा मला अभिमान आहे.

शेड्यूलमध्ये 'ओसी' अशी एकच ओळ टाकू नका. प्रत्येक खात्याची वेगळी ओळ हवी, आणि फेरतपासणीचे दिवस धरूनच. फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी स्प्रिंकलरच्या पाइपांचे फोटो मजल्याच्या नंबरासकट काढून ठेवा, नंतर कोणी विचारलं तर सीलिंग फोडावं लागतं. आदल्या दिवशी स्वतः रंगीत तालीम घ्या. फायर लिफ्टला (आगीत जवानांनी वापरायच्या लिफ्टला) स्टॉपवॉच लावा, राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे ती तळमजल्यावरून 60 सेकंदांत सगळ्यात वरच्या मजल्यावर पोचली पाहिजे. किल्ल्यांचा जुडगा तुमच्याच खिशात. आणि हो, हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: विजेच्या कायमच्या मीटरचा पाठपुरावा लवकर सुरू करा, टेम्पररी कनेक्शनवर मोठा पंप धाप टाकतो.

सोसायटीला ताबा देताना कमिटीला सांगून ठेवा की बी फॉर्म, म्हणजे ही यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, भरायचा असतो. त्यासाठी एजन्सी नेमायची जबाबदारी त्यांची, तुमची नाही. हे पत्र देऊन पोच घ्या.