मराठी संकेतस्थळाची कामवही: आधी मजकूर धुवून घ्या

सध्याची मांडणी अशी: मजकूर मार्कडाउन फायलींत, बांधणी इलेव्हन्टी या पानं तयार करणाऱ्या साधनावर, डेटाबेस नाही. पानं उमटतात, वाचताही येतात. पण इंग्रजी गृहीत धरून लिहिलेल्या प्रत्येक लहानसहान साधनात मराठी कुठे ना कुठे अडखळते. या खेपेचं मुख्य काम म्हणजे बांधणीच्या अगदी सुरुवातीला बसवलेली सफाईची पायरी. स्लग (पानाच्या पत्त्यातलं नाव), क्रमवारी, शोध हे सगळं तिच्यानंतर. ती नसेल तर एकच दोष तीन ठिकाणी निस्तरावा लागतो.

सफाई कशाची, तर डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या पण आतून वेगळ्या असलेल्या शब्दांची. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: ऱ (युनिकोड या अक्षर-क्रमांकांच्या मानकात ०९३१) आणि हलन्त, किंवा साधा र (०९३०), हलन्त आणि झिरो-विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह (२००डी). कोणता पडेल ते कीबोर्ड ठरवतो, लिहिणाऱ्याला पत्ताही नसतो. ‘ॲप’ची तर तीन रूपं फिरत असतात: एकसंध ॲ (०९७२), अ वर थेट ॅ, आणि या दोघांच्या मधे जॉइनर. तिसरं रूप उगाच आलेलं नाही. अ ला थेट ॅ लावला की काही ठिकाणी मधे टिंबांचं वर्तुळ उमटतं, ते टाळायला जॉइनर घुसवला जातो. एकसंध ॲ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीची सवय अजून मजकुरात दिसते.

जावास्क्रिप्टचं नॉर्मलाइज, म्हणजे रूपं एकसारखी करणारं फंक्शन, चालवलं की काम झालं असं वाटतं, पण ते यातलं फारसं काही जुळवत नाही. एनएफसी, म्हणजे त्याचा नेहमीचा प्रकार, यात फक्त र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) यांचा ऱ करतं. म्हणून क्रम असा: आधी एनएफसी, मग र, हलन्त, जॉइनर यांच्या जागी ऱ आणि हलन्त, मग ॲची बाकीची दोन्ही रूपं एकसंध ॲमध्ये, शेवटी झिरो-विड्थ स्पेस, म्हणजे न दिसणारी मोकळी जागा (२००बी), काढून टाकणं. नॉन-जॉइनर (२००सी) मात्र राहू द्यायचा, कारण जोडाक्षर मुद्दाम फोडून हलन्त दाखवायचा असेल तेव्हा तोच लागतो. कोडचे ठोकळे या सगळ्यातून वगळायचे.

विसर्गाचा प्रश्न सफाईत पूर्ण सुटत नाही. ‘दुःख’मध्ये बरेच जण कोलन टाकतात. दोन्ही बाजूंना अक्षर असलेला कोलन शोधता येतो. अंकांमधला सोडून दिला की ‘१०:३०’ सुरक्षित राहतं. पण ‘स्वतः’सारख्या शब्दाच्या शेवटी तो विसर्ग की खरा कोलन, हे यंत्राला कळत नाही. आपोआप बदल न करता बांधणीत नुसता इशारा देणं बरं.

स्लग. तयार स्लगिफाय साधनांत अनेकदा युनिकोडचा फक्त ‘अक्षर’ वर्ग, म्हणजे एल, राखलेला असतो. काना, मात्रा, वेलांट्या हलन्तासकट ‘चिन्ह’ वर्गात, म्हणजे एममध्ये येतात, त्यामुळे ‘मराठी’चं ‘मरठ’ होतं. एल, एम आणि अंकांचा एन, तिन्ही राखायचे. जॉइनर मात्र या तिन्हींत नाही. सफाई आधी झाली नसेल तर तो इथे गळतो आणि डोंगरांतल्या ‘दऱ्या’ थेट समुद्र बनतात. दुसरी अडचण लांबीची: देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तीन बाइट घेतं आणि टक्केवारी-एन्कोडिंगमध्ये नऊ चिन्हं, म्हणजे ‘मराठी’ एवढा शब्द ४५ चिन्हांचा. दुवा निरोपात चिकटवला की अर्धा पडदा भरतो. त्यामुळे स्लग दोन-तीन शब्दांचाच, आणि तो फायलीच्या शीर्षभागात हाताने लिहिलेला.

क्रमवारीचा बदल एका ओळीचा. साधा सॉर्ट कोडपॉइंटने, म्हणजे युनिकोड क्रमांकाने, लावतो, म्हणून ळ हा लच्या मागोमाग येतो. वर्णमालेत त्याची जागा हच्या नंतर. भाषेनुसार क्रम लावणाऱ्या इंटल-कोलेटरला ‘एमआर’ (मराठी) सांगितलं की झालं. बांधणी चालवणारं नोड १३च्या आधीचं असेल तर त्यात बहुधा फक्त इंग्रजीचा डेटा असतो आणि काहीही तक्रार न करता चुकीचा क्रम मिळतो.

मोठं पहिलं अक्षर आणि सूचीची आद्याक्षरं यांसाठी मजकुराचे अक्षरागणिक तुकडे पाडणारा इंटल-सेगमेंटर. ‘क्षत्रिय’ची स्ट्रिंग-लांबी ८ भरते. सेगमेंटर जुन्या नियमांनी त्याचे ५ तुकडे पाडतो, कारण क् आणि ष वेगळे धरले जातात, युनिकोड १५.१पासून जोडाक्षर एकसंध राहतं आणि ३ मिळतात. ब्राउझरागणिक उत्तर बदलू नये म्हणून हे काम बांधणीतच उरकायचं आणि पहिलं अक्षर स्पॅनमध्ये गुंडाळून द्यायचं.

फाँट: मुक्ता, फक्त ४०० आणि ७०० वजन. फाँट छाटणाऱ्या पायएफटीसबसेटला ०९०० ते ०९७एफ हा पूर्ण पट्टा दिला, शिवाय २००सी, २००डी, रुपयाचं चिन्ह २०बी९ आणि टिंबांचं वर्तुळ २५सीसी. वापरलेली तेवढीच अक्षरं ठेवण्याचा मोह इथे कामाचा नाही. फाइलचं वजन जोडाक्षरांच्या आकृत्यांत असतं आणि मूळ व्यंजनं ठेवली की त्या येतातच. उलट एखाद्या नव्या लेखात ‘वाङ्मय’ आलं की ङ दुसऱ्याच फाँटमधून उचलला जातो. ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले आहेत, तिथे एचटीएमएलच्या मूळ टॅगवर भाषा ‘एमआर’ लिहिलेली नसेल तर ते उमटत नाहीत.

स्टाइलमध्ये सगळ्यात आधी लेटर-स्पेसिंग शून्य. इंग्रजी थीमची शीर्षकं अक्षरं मोकळी सोडतात आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. ओळीची उंची मजकुराला १.७५, शीर्षकांना १.४. त्याखाली गेलं आणि वर ओव्हरफ्लो हिडन असलं की रफार आणि वेलांटीचे शेंडे छाटले जातात. तिरपा ठसा बंद, कारण फाँटमध्ये तो नाही आणि ब्राउझर अक्षरं नुसती कलवतो. जोर द्यायचा तर ठळक. दुव्यांची अधोरेषा ०.२५ एमने (अक्षराच्या आकाराच्या पावपट) खाली, म्हणजे उकारांत अडकत नाही.

शोध अजून अर्धवट आहे. लुनर हे शोधाचं साधन जसंच्या तसं निरुपयोगी: त्याचा ट्रिमर (शब्दाच्या कडांची विरामचिन्हं काढणारी पायरी) देवनागरीला विरामचिन्हांत धरून पूर्ण शब्द पुसतो. ट्रिमर काढून त्या जागी प्रत्यय सोलणारी पायरी बसवली. आधी ‘साठी’, ‘पासून’, ‘मध्ये’, ‘मुळे’. मग ‘च्या’, ‘चा’, ‘ला’, ‘ने’, ‘हून’, ‘त’. मग उरलेला शेवटचा स्वर. ‘शाळेत’, ‘शाळेला’ आणि ‘शाळा’ तिन्ही ‘शाळ’वर येतात. सरसकट त काढला तर ‘पर्वत’ शोधणाऱ्याला ‘पर्व’ मिळतं. सामान्यरूप बहुतेक वेळा स्वरचिन्हावर संपतं, म्हणून तच्या आधी काना, मात्रा किंवा दीर्घ वेलांटी असेल तरच तो काढायचा. ‘पर्वत’, ‘भारत’, ‘गणित’ वाचतात. ‘संगीत’ तरीही ‘संगी’ आणि मग ‘संग’ होतं. यासाठी मूळ शब्द आणि सोललेलं रूप दोन्ही सूचीत ठेवायची, मूळ रूपाला जास्त गुण देऊन.

‘माणूस’, ‘कापूस’ यांना वेगळा नियम: शेवटच्या सआधीचा दीर्घ उकार काढायचा, म्हणजे ‘माणसाला’शी जुळतं. ‘पाऊस’मध्ये ऊचा व करायचा, ‘पावसात’साठी. एकट्या ‘ऊस’ला दोन्ही नियम लागू पडत नाहीत; ‘उसाला’ नियमांनी अजून त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि तूर्त तो अपवादांच्या यादीत हाताने घातला आहे.