आकडा फुटांचा नव्हे, फेऱ्यांचा

गेल्या हिवाळ्यात कारवारला, कूर्मगड बेटाच्या बाहेर, एकाच होडीतून माझ्या आतेभावानं तीन इसवण (सुरमई) काढले आणि मी एकही नाही. दोघांचं आमिष तेच, एक्स-रॅप मॅग्नम 20 नावाचा नकली मासा, होडीचा वेगही अर्थातच तोच. फरक एवढाच, की त्याच्या रिळावर किती फूट लाइन (गळाची दोरी) सोडली ते दाखवणारा तीन आकडी काउंटर होता. पहिला मासा लागला तेव्हा आकडा 90 वर होता. मासा काढून त्यानं पुन्हा बरोबर 90 वर लाइन सोडली आणि दुसरा लागला. मी आपला मनातल्या मनात "एक, दोन, तीन" मोजत सोडत होतो. मधेच तो विचारायचा, "कितली सोडली?" मी म्हणायचो, "असेल शंभरेक फूट." असेल!

आमच्याकडे बेळगाव-कारवार हे शब्द घोषणेत एका दमात येतात, पण बेळगावातल्या आमच्या वडगावातून खानापूर, रामनगर, जोयडा, कद्रा करत समुद्र गाठायला अख्खी सकाळ जाते. वर्षाकाठी चार-पाच खेपा होतात. त्यातली एक "असेल शंभरेक" म्हणत वाया घालवणं परवडत नाही. जून आणि जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत दोन काउंटरवाली रिळं जमवायची असं ठरवलं. बजेट दोन्हींचं मिळून पंधरा हजार.

नव्या लोकांसाठी: ट्रोलिंग म्हणजे ट्रॉलरची जाळी नव्हे. चालत्या होडीमागे आमिष ओढत न्यायचं. ओठाशी पट्टी असलेलं आमिष पाण्यात किती खोल जाईल, हे मागे किती लाइन सोडली, ती किती जाड आहे आणि होडी किती वेगानं चालली आहे यावर ठरतं. वीस फूट खोल जाणारं आमिष तीस फूट लाइनवर वीस फूट जात नाही. म्हणून अंतर मोजायचं.

ही रिळं मुळात अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांवर वापरात रुळलेली, त्यामुळे बहुतेकांचा आकडा फुटांत. शिमानोचं टेकोटा हे त्यातलं नावाजलेलं, पण दोन घ्यायची म्हटल्यावर ते माझ्या यादीतून पहिल्याच दिवशी गेलं. दायवाचं सीलाइन, ओकुमाची कोल्ड वॉटर आणि मॅग्डा प्रो, कास्टकिंगचं रेकॉन, एवढी नावं उरली. मॅग्डाचं अंग ग्राफाइटचं. हलकं असतं, गंजत नाही, पण जोराच्या ओढीत धातूइतकं ताठ राहत नाही. चार-पाच किलोच्या इसवणाला मला तेवढं पुरतं. शंभर किलोच्या माशाची स्वप्नं बघणाऱ्यांनी हा लेख इथंच सोडावा.

एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली नाही. स्वस्तातली काउंटर रिळं बहुतेक उजव्या हाताच्या हँडलची असतात. मी डाव्या हातानं गुंडाळणारा. कोल्ड वॉटरच्या बुटक्या अंगाच्या प्रकारात डाव्या हाताचं मिळतं, पण मला ते जमणाऱ्या भावात सापडलं नाही. शेवटी उजवा हात शिकलो. ट्रोलिंगमध्ये रॉड बराच वेळ होल्डरमध्येच असतो, त्यामुळे फारसं अडत नाही.

काउंटरशिवायचे उपायही पाहिले. दर दहा मीटरला रंग बदलणारी ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, मिळते. खरं सांगायचं तर सगळ्यात स्वस्त उपाय तोच, आणि वरचेवर न जाणाऱ्यानं तेवढ्यावरच थांबावं. माझी अडचण अशी, की आम्ही उजाडायच्या आत लाइनी सोडतो. अंधारात निळा कुठला आणि हिरवा कुठला? शिवाय खाऱ्या पाण्यानं आणि उन्हानं रंग उडतात. रॉडला चिमटा लावून बसवायचा छोटा काउंटरही मिळतो. त्यात लाइन एका चाकावरून जाते. बारीक ओली ब्रेड त्या चाकावरून घसरते असं आतेभावाचं मत. त्याचं मत मी मानलं, आणि ते पूर्ण बरोबर नव्हतं हे पुढे कळलं.

पहिलं रीळ जुनं घेतलं, एका विक्रेत्याकडून, लाइन भरलेल्या अवस्थेत. "फक्त दोनदा वापरलंय," असं त्यानं सांगितलं होतं. घरी आल्यावर गल्लीत शंभर फुटी कापडी टेप पसरला, शेजारच्या पोराला लाइनीचं टोक देऊन चालत सुटायला सांगितलं. काउंटरवर 100 आलं तेव्हा पोरगं 81 फुटांवर उभं होतं. पुन्हा केलं. पुन्हा 81. आता हे परत पाठवायचं कसं, या विचारात मी कट्ट्यावर बसलो.

समोरच्या घरातले काका चाळीस वर्षं मागावर काढलेले. वडगाव-शहापूर म्हणजे साड्यांचे माग, आमच्या गल्लीत अजून दुपारी खडखड ऐकू येते. ते मघापासून दारातून बघत होते.

"काय मोजालास रे एवढं?"

मी सांगितलं. त्यांनी रीळ हातात घेतलं, अंगठ्यानं स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली फिरकी, फिरवला, काउंटरकडे बघितलं आणि हसले.

"हे फूट नव्हंत रे, फेरे हाईत. कांडी भरलेली असताना एक फेरा किती सूत सोडतो आणि संपत आल्यावर किती सोडतो? हे तुझं रीळ अर्धं रिकामंच हाय की!"

चाळीस वर्षांचं ज्ञान दोन वाक्यांत. काउंटरचे दाते स्पूलच्या आसाला जोडलेले असतात. त्यांना लाइन दिसतच नाही, ते फक्त फेरे मोजतात, आणि कंपनीनं एक फेरा म्हणजे किती फूट हे स्पूल काठोकाठ भरलाय असं धरून ठरवलेलं असतं. भरलेल्या स्पूलचा व्यास 50 मिलिमीटर असेल तर एका फेऱ्याला सुमारे 157 मिलिमीटर लाइन सुटते. व्यास 40 वर आला की 126. म्हणजे काउंटर शंभर फूट म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात ऐंशी. माझं पोरगं 81 वर उभं होतं, ते उगाच नव्हे.

काका पुढे म्हणाले, ताणा भरताना सूत ठरावीक घेराच्या चाकावरून नेऊन मोजतात, मग कांडी भरलेली असो नाहीतर रिकामी, माप चुकत नाही. म्हणजे ज्या चिमट्याच्या काउंटरला मी नाकारलं होतं, त्याचं तत्त्व रिळावरच्या काउंटरपेक्षा सरळ होतं. घसरण्याचा दोष आहे, पण मोजायची पद्धत खरी. असो, तोवर पैसे गेले होते.

विक्रेत्याशी भांडायचा बेत सोडला आणि रीळ पूर्ण भरायला घेतलं. दुसरं रीळ तेवढ्यात नवं, त्याच मॉडेलचं घेतलं. दोन्ही सारखी हवीत, नाहीतर दोन वेगळे हिशेब डोक्यात ठेवावे लागतात. ब्रेड थेट गुळगुळीत स्पूलवर गुंडाळली तर ताण आला की अख्खा गठ्ठा स्पूलवर गोल फिरतो, म्हणून खाली तंगूस, म्हणजे नायलॉनची एकपदरी लाइन, हवा. तो किती? आधी रिकाम्या स्पूलवर दोनशे मीटर ब्रेड भरायची, तिच्यावर काठापर्यंत तंगूस भरायचा, मग सगळं काढून उलट्या क्रमानं परत भरायचं. म्हणजे तंगूस बरोबर तळाला जातो आणि ब्रेड वर काठाला येते. हातानं करायला गेलं तर संध्याकाळ जाते. काकांनी माळ्यावरचा सूत गुंडाळायचा जुना रहाट उतरवला आणि अर्ध्या तासात दोन्ही रिळं भरून झाली. ओल्या फडक्यातून लाइन धरून ताण त्यांनीच दिला, मला हात लावू दिला नाही.

पुन्हा टेप, पुन्हा पोरगं. काउंटर 50 ला 48 फूट, 100 ला 96, 150 ला 143. दुसऱ्या रिळाचंही तेच, एखाद्या फुटाचा फरक. मग मुद्दाम साठ मीटर लाइन काढून मोजलं, तर 100 ला 92. मासा लाइन तोडून गेला की तक्ता बदलतो, हे त्यातून कळलं. दोन्ही तक्ते प्लास्टिकच्या टेपखाली रॉडच्या मुठीला चिकटवले.

आकड्याच्या नादात ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की लाइन जोर राखून सुटू देणारा रिळाचा ब्रेक, विसरायचा नाही. इसवण पहिल्या धावेत वेड्यासारखा पळतो, ड्रॅग अडखळला की ब्रेड तुटते. माझी ब्रेड तीस पौंडाची, म्हणजे साडेतेरा किलो. तिच्या पावपट, साडेतीन किलोच्या आसपास ड्रॅग लावायचा म्हणून घरातला स्प्रिंगचा काटा लाइनला अडकवून ओढला. जुन्या रिळाचा ड्रॅग दोनदा हिसका देऊन सुटला. आतल्या चकत्या पुसून, बदलून घ्याव्या लागल्या. काउंटरपेक्षा यावर जास्त वेळ गेला, आणि घेताना बघायला हवं होतं तेही हेच.

ऑक्टोबरात गेलो. एक लाइन 60 वर, दुसरी 90 वर, म्हणजे होडी वळताना गुंता होत नाही. तीन तास काही नाही. मग 90 वाली कुरकुरली, साडेतीन किलोचा इसवण. परत त्याच आकड्यावर सोडली, वीस मिनिटांत दुसरा. आतेभावानं या वेळी कितली सोडली असं विचारलं नाही.

परतल्यावर रिळांचा ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याची हलकी धार दिली, पुसून मग ड्रॅग सैल केला. जोराचा फवारा मारला की मीठ उलट आत ढकललं जातं. तरी जुन्या रिळाच्या काउंटरच्या काचेत धुकं धरलंच. दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलं, थोडं कमी झालंय. काका शाकाहारी, त्यामुळे इसवणाचा तुकडा त्यांच्याकडे नेता आला नाही. कुंदा नेला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि आधी विचारलं, "लाइन तुटली का कुठं? मग परत मोजूया की."