एम-०६ बीटल: मागचा भाग अखेर घसरायचा थांबला

गेले तीन रविवार सकाळी सोसायटीच्या बास्केटबॉल कोर्टवर माझी रिमोट कंट्रोलची बीटल पळवतोय. तामिया या जपानी मॉडेल कंपनीची एम-०६ चॅसी (गाडीचा सांगाडा), किटमधलीच ५४० मापाची मोटर, ऑइल डॅम्पर (तेल भरलेले शॉक) मात्र वेगळे घेऊन बसवलेले. खऱ्या जुन्या फोक्सवॅगन बीटलसारखंच मोटर मागे, ड्राइव्हही मागे. त्यामुळे थ्रॉटल दिला की नाक सरळ जायचं आणि वळणात शिरताना थ्रॉटल सोडला की गाडी गर्रकन फिरायची.

पहिला रविवार टायर बदलण्यातच गेला. पुढे कमी ग्रिपचे टायर लावले, फिरणं थोडं कमी झालं, पण वळायचीच बंद झाली. उपाय चुकीचा होता.

मग घरी स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला. पुढची चाकं काट्यावर, मागची तेवढ्याच उंचीच्या वह्यांवर, नंतर उलट. पुढे ५१० ग्रॅम, मागे ८४०! टायरवाल्याकडून चाक बॅलन्सिंगच्या ५ ग्रॅमच्या आठ पट्ट्या आणल्या आणि पुढच्या बंपरला चिकटवल्या. बंपर अ‍ॅक्सलच्याही पुढे, म्हणून तरफेसारखं काम झालं: पुढे ५५८, मागे ८३२. जुने टायर परत लावले आणि नाक वळायला लागलं.

फिरणं मात्र तसंच. दुसऱ्या रविवारी कोर्टवर खाली बसून नीट बघितलं. थ्रॉटल सोडताच मागची चाकं जवळजवळ अडकत होती. ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरचा) ड्रॅग ब्रेक, म्हणजे थ्रॉटल सोडताच आपोआप लागणारा ब्रेक, चालू होता! एम-०६ ला ब्रेक फक्त मागेच लागतो. थ्रॉटल सोडल्यावर वजन पुढे झुकतं, मागचे टायर हलके होतात, आणि उरलेली ग्रिप ब्रेकच खाऊन टाकतो. बाजूला धरून ठेवायला काही शिल्लकच राहत नाही. ड्रॅग ब्रेक शून्यावर आणला. त्या एका सेटिंगने जो फरक पडला, तो आजवर विकत घेतलेल्या कुठल्याच पार्टने पडला नव्हता. मागच्या चाकावर ड्राइव्ह असलेल्या गाडीत टायरला हात लावण्याआधी हे तपासाच.

काल डिफ, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, उघडला. वळणातून बाहेर पडताना आतलं चाक नुसतंच भिरभिरत होतं, त्याचा बारीक चिरका आवाज यायचा. गिअरमध्ये एडब्ल्यू (अँटी-वेअर, म्हणजे झीज रोखणारं) ग्रीस भरलं. हे मधापेक्षाही चिकट, टूथपिकला लागलं की तार सुटते. आता एक चाक धरून दुसरं फिरवलं तर हाताला जडपणा जाणवतो. आज सकाळी तो आवाज ऐकूच आला नाही, आणि शेवटच्या वळणावरून गाडी खेचत बाहेर पडली.

पुढच्या रविवारी मागे मऊ स्प्रिंग लावून बघणार आहे, बाकी काहीही न बदलता.