डिलीट केलं म्हणजे गेलं?

"बघा, आहे की इथेच," म्हणत डिजिटल फॉरेन्सिक्सच्या (म्हणजे डिजिटल पुरावे तपासण्याच्या) तासाला मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवलं. डिलीट केलेली फाइल यादीत दिसत होती. फक्त नावाचं पहिलं अक्षर गायब.

फॅट३२ (फाइल्सची नोंद ठेवायची एक पद्धत) वापरणाऱ्या पेनड्राइव्हवर डिलीट केलं की नोंदीतल्या नावाच्या पहिल्या बाइटवर 'ई५' हा शिक्का बसतो आणि ती जागा रिकामी धरली जाते. आतला मजकूर, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत, तिथेच पडून असतो.

खरा वेळ गेला तो त्याआधी. राइट ब्लॉकर (मूळ पेनड्राइव्हवर काही लिहू न देणारं साधन) लावा, बिट-बाय-बिट प्रत काढा, मग मूळ आणि प्रत दोन्हींचे हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेले ठसे, ताडून बघा. एसएचए-२५६ या हॅश-पद्धतीची ती ६४ अक्षरं! एक बिट जरी बदलला तरी सगळी ओळच वेगळी. म्हणजे शोधण्यापेक्षा 'मी काही बदललेलं नाही' हे दाखवण्यातच जास्त मेहनत. (कंटाळवाणं आहे, पण मला तोच भाग आवडला.)

एसएसडीवर (चिप्सवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हवर) मात्र ट्रिम, म्हणजे डिलीट झालेली जागा ड्राइव्हला रिकामी करायला सांगणारी सोय, चालू असेल तर पुसलेलं परत मिळणं अवघडच.

जुना पेनड्राइव्ह कुणाला देताना तुम्ही नुसतं डिलीट करता, की नीट पुसून देता?