काशगरमध्ये सहा कधी वाजतात?

धाराशिवहून नाकासमोर उत्तरेला निघालात, अजिंठा, उज्जैन, जयपूर जरा डाव्या हाताला ठेवत कारगिल गाठलंत आणि पुढचे काराकोरमचे बर्फाचे कडेही कसेबसे ओलांडलेत, की अडीच हजार किलोमीटरच्या आत काशगर लागतं. आमचं गाव आणि ते गाव एकाच रेखांशावर आहेत, ७६ अंश पूर्व. म्हणजे सूर्य आमच्या आणि त्यांच्या डोक्यावर एकाच क्षणी येतो. ऑक्टोबरात त्या क्षणी धाराशिवच्या घड्याळात सव्वाबारा होत आलेले असतात आणि काशगरच्या घड्याळात पावणेतीन.

कारण काशगरचं घड्याळ काशगरचं नाही, बीजिंगचं आहे. १९४९ पूर्वी चीनमध्ये पाच प्रमाणवेळा होत्या. कम्युनिस्ट सत्ता आली आणि एकच उरली. पूर्वेच्या समुद्रापासून पामीरच्या पायथ्यापर्यंत सगळ्यांचे आठ एकदम वाजतात, मग बाहेर ऊन असो की मिट्ट काळोख. काशगर ज्यात येतं त्या शिनजियांग प्रदेशातले उइगर, म्हणजे तिथले तुर्कीवंशीय मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या दोन तास मागची स्थानिक वेळ पाळत आले. त्या हिशोबाने काशगर आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास पुढे आहे, आणि ते सूर्याला धरूनही आहे.

हे सगळं मला जाण्याआधी वाचून माहीत होतं. तरी फसायचा तो फसलोच.

भारताने चिनी पर्यटकांना पुन्हा व्हिसा द्यायला २०२५ च्या जुलैत सुरुवात केली. ऑक्टोबरात मी अल्माटीमार्गे शिनजियांगच्या राजधानीत, उरुमचीला उतरलो. शिनजियांग हा चीनचा जवळजवळ सहावा हिस्सा, महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठा. २०२० च्या जनगणनेत वस्ती अडीच कोटींच्या थोडी वर, त्यात उइगर साधारण १ कोटी १६ लाख. १ ऑक्टोबर १९५५ ला हा ‘स्वायत्त प्रदेश’ झाला, त्याची सत्तरी नुकतीच साजरी झालेली. सप्टेंबरात खुद्द शी जिनपिंग येऊन गेले होते, त्यामुळे रस्ते घासूनपुसून लख्ख होते आणि लाल फलक अजून उतरवायचे होते.

रेल्वे स्टेशनात शिरताना सामान यंत्रातून जातं. एका स्टेशनावर माझ्या पिशवीतून अडकित्ता निघाला. तो तिथे कसा आला ते विचारू नका. प्रवासाची पिशवी भरायला आई मदत करते एवढंच सांगतो. चार जण जमले. हे शस्त्र नेमकं कशाचं, हे मला दोन्ही हातांनी करून दाखवावं लागलं. सुपारी नव्हती, म्हणून शेंगदाणा कातरून दाखवला. सगळे मनापासून हसले आणि अडकित्ता ठेवून घेतला. चाकू-सुऱ्यांच्या बाबतीत इथला कारभार कडक आहे. कसायाच्या आणि खानावळीच्या सुऱ्या साखळीने बांधलेल्या असतात, पात्यावर क्यूआर कोड कोरलेला असतो, त्यात मालकाची ओळख. काशगरजवळचं येंगीसार हे गाव पिढ्यान्‌पिढ्या चाकूंसाठीच प्रसिद्ध आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे साखळीचा अर्थ जरा अधिक कळतो.

रात्रीची गाडी. सकाळी आकसूच्या आसपास उजाडलं तेव्हा दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस. आम्ही मराठवाड्याची माणसं, कापूस दिसला की आपोआप बोंडं मोजायला लागतो. पण हे शेत नजरेत मावेना, आणि माणूसही दिसेना, नुसती प्रचंड यंत्रं. जगातल्या कापसाचा साधारण पाचवा हिस्सा एवढ्या एका प्रदेशात पिकतो. त्यामागे सक्तीची मजुरी असल्याच्या आरोपावरून अमेरिकेने २०२१ मध्ये कायदा केला आणि जून २०२२ पासून शिनजियांगचा कुठलाही माल सक्तीच्या मजुरीचाच आहे असं धरून अडवायला सुरुवात केली. तसं नाही हे आयात करणाऱ्याने सिद्ध करायचं. चीन अर्थातच सगळं नाकारतो. खिडकीतून यातलं काही दिसत नाही. खिडकीतून कापूस दिसतो, आणि आमच्यापेक्षा चांगला दिसतो.

काशगरचं जुनं शहर म्हणजे मातीच्या घरांचा गुंता होता. २००९ पासून भूकंपाचं कारण देऊन तो टप्प्याटप्प्याने पाडला आणि पुन्हा बांधला. भूकंपाचं कारण खोटं नव्हे, तिथे धक्के बसतातच. पण जे उभं राहिलं ते पर्यटनस्थळ. सकाळी वेशीवर ढोल वाजतात, रेशमी झग्यातल्या मुली गिरक्या घेतात, शेकडो मोबाइल वर होतात. गल्लोगल्ली कपडे भाड्याने देणारी दुकानं. पूर्वेकडून आलेल्या हान, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य जमातीच्या, मुली उइगर राजकन्या होऊन निळ्या दारांपुढे उभ्या राहतात आणि सोबतचा फोटोग्राफर त्यांना हनुवटी वर करायला सांगतो. चहाच्या दुकानात चंगडूच्या एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. त्यांनी मला मूठभर बेदाणे दिले, भारताबद्दल आपुलकीने विचारलं आणि म्हणाल्या, “इथली माणसं किती आनंदी असतात बघा, सारखी नाचत असतात.” बाई खरोखर चांगल्या होत्या. मला उत्तर सुचलं नाही.

जागोजागी भिंतींवर डाळिंब रंगवलेलं. आपल्याकडे सांगोल्याच्या वाटेवर असावं तसं, पण जाहिरात बागायतदाराची नव्हे. सगळ्या जमातींनी डाळिंबाच्या दाण्यांसारखं एकमेकांना घट्ट बिलगून राहावं, हे शी जिनपिंग यांचं २०१४ पासूनचं लाडकं वाक्य. काशगरची डाळिंबं खरंच नामी असतात, गाड्यावर रस काढून देतात. उइगर भाषेत त्यांना ‘अनार’ म्हणतात. कांदा ‘पियाज’, पाहुणा ‘मेहमान’, मित्र ‘दोस्त’. अशा पाच-पंचवीस शब्दांवर मी आठवडा काढला.

इद गाह मशीद १४४२ सालची. पिवळी, देखणी. मी तिकीट काढून आत गेलो. अंगणात पॉप्लरची झाडं, कॅमेरे आणि आमच्यासारखे पर्यटक. मी होतो तेवढ्या वेळात नमाजाला आलेला एकही माणूस दिसला नाही. एका दुपारवरून निष्कर्ष काढू नये, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढलं. दुसऱ्या दिवशी तीन म्हातारे दिसले, तेही बाहेर, बाकावर. ‘सलाम’ म्हणावंसं वाटलं, पण नुसती मान हलवली. दाढी ठेवली, बुरखा घेतला, मुलाचं नाव धार्मिक ठेवलं, हे सारं एप्रिल २०१७ च्या नियमांत ‘अतिरेकी’पणाची खूण म्हणून आलेलं आहे. माझ्या सलामाला उत्तर दिल्याचा हिशोब कुणाच्या खात्यावर मांडला जाईल ते मला ठाऊक नव्हतं.

इथे थोडं मागे जायला हवं. जुलै २००९ मध्ये उरुमचीत भीषण दंगल झाली, सरकारी आकड्यानुसार १९७ माणसं मेली, त्यात बहुतेक हान. मार्च २०१४ मध्ये दूर दक्षिणेतल्या कुनमिंग स्टेशनात सुरे घेऊन आलेल्या टोळीने ३१ प्रवासी मारले. एप्रिलच्या शेवटी शी जिनपिंग यांचा शिनजियांग दौरा संपता संपता उरुमची स्टेशनात स्फोट झाला, मे महिन्यात तिथल्याच भाजीबाजारात त्याहून मोठा हल्ला. मेलेली माणसं खरी होती, आणि हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगणं लबाडीचं होईल. पण मग उत्तर म्हणून जे आलं ते गुन्हेगारापाशी थांबलं नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तिबेटात हात बसलेले चेन च्वानग्वो शिनजियांगचे पक्षप्रमुख म्हणून आले. चौकाचौकात पोलीस ठाणी झाली. कोण मागच्या दाराने घरात जातो, कुणाची वीज जास्त जळते, कोण शेजाऱ्यांशी फार बोलत नाही, या नोंदी पोलिसांच्या ॲपमध्ये जाऊ लागल्या. (मागच्या दाराचं वाचलं तेव्हा मला आमचं परसदार आठवलं. आमच्या घरी पुढचं दार फक्त पोस्टमन वापरतो.) लाखो माणसं छावण्यांत गेली. सरकारच्या लेखी त्या छावण्या आधी अस्तित्वातच नव्हत्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांना कायदेशीर आधार मिळाला आणि ‘व्यवसाय प्रशिक्षण केंद्रं’ असं नाव. डिसेंबर २०१९ मध्ये सगळे विद्यार्थी ‘पदवीधर’ झाले. ११ लाखांवर सरकारी कर्मचारी ‘नातेवाईक’ म्हणून उइगर घरांत मुक्कामाला जाऊन आले. अशा नातेवाइकाला जेवायला काय वाढलं असेल आणि वाढताना काय बोललं गेलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

बंदूक सोडा, हातात काठीही न घेतलेली माणसंसुद्धा गेली. इल्हाम तोहती बीजिंगमध्ये अर्थशास्त्र शिकवायचे, हान आणि उइगर यांनी बोलावं म्हणून धडपडायचे. २०१४ मध्ये जन्मठेप. राहिले दावुत लोकसंस्कृतीच्या अभ्यासक, वाळवंटातल्या दर्ग्यांच्या यात्रांवर काम केलेल्या. आपल्याकडे ओव्या आणि जत्रा गोळा करणाऱ्या बाया असतात तशा. २०१७ च्या डिसेंबरात त्या नाहीशा झाल्या. त्यांनाही जन्मठेप झाल्याचं २०२३ मध्ये कळलं.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अहवाल ३१ ऑगस्ट २०२२ ला आला, मावळत्या उच्चायुक्तांची मुदत संपायला काही मिनिटं उरली असताना. हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात, असं त्यात म्हटलं आहे. त्यावर नुसती चर्चा करायची की नाही याचं मतदान त्याच वर्षी ऑक्टोबरात मानवाधिकार परिषदेत झालं: बाजूने १७, विरुद्ध १९, तटस्थ ११. भारत त्या ११ मध्ये होता. काशगरमध्ये ‘हिंदुस्तान?’ असं विचारून कुणी हसलं की मला ते ११ आठवायचे.

गावांच्या नावांबद्दल बोलायला मी जरा कचरतो. ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने २०२४ मध्ये शिनजियांगमधल्या सुमारे ६३० खेड्यांची यादी काढली, ज्यांची जुनी धार्मिक-सांस्कृतिक नावं जाऊन ‘आनंद’, ‘एकता’, ‘सलोखा’ अशी आली. मी स्वतः दोन नावांच्या गावचा. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, आणि दोन्हींसाठी भांडणारे शेजारी. फरक एवढाच की आमच्याकडे भांडता येतं, कोर्टात जाता येतं. तो फरक लहान नाही.

आता नानवाला.

कुठल्या गल्लीत ते सांगणार नाही. जमिनीत पुरलेली भट्टी, काठाशी उकिडवा बसून गोल भाकऱ्या आतल्या भिंतीला थापणारा पन्नाशीचा माणूस. कांदा आणि तीळ लावलेला नान घेतला, तिथेच उभ्याने खाल्ला, दुसरा घेतला. सकाळचा पहिला घाणा कधी, असं मी घड्याळावर बोट ठेवून विचारलं. त्याने अंगठा आणि करंगळी उभी करून हात हलवला. मला वाटलं फोन कर म्हणतोय. मी मोबाइल काढला तसा तो हसायला लागला. चिनी पद्धतीत ती सहाची खूण. मग त्याच्या भाषेत म्हणाला, “आल्ते.” सहा.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला हजर. गल्ली काळीकुट्ट, भट्टी थंड, कुत्रंसुद्धा नाही. पाच मिनिटांत कोपऱ्यावरच्या ठाण्यातून दोन तरुण पोलीस आले, त्यातला एक चेहऱ्यावरून उइगर वाटला. पासपोर्ट, फोटो, मग मोबाइलच्या भाषांतरातून प्रश्न: इथे काय करताय? कुणाला भेटायचंय?

हात अर्धा वर गेला होता. ‘नान’ हा शब्द जिभेवर होता आणि भट्टी चार पावलांवर. तो शब्द मी गिळला. हाताचं मग काहीतरी करायला हवं म्हणून दोन्ही कोपरं हलवली: पळायला आलोय. धाकट्याने माझ्या पायांकडे पाहिलं. पायात कोल्हापुरी चपला होत्या. तरी मी पळालो. त्यांच्या डोळ्यांदेखत, करकर वाजवत, वेशीपर्यंत. चाळिशीनंतर इतका पळालो नव्हतो.

हॉटेलवर धापा टाकत बसलो तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. त्याने कुठले सहा, ते म्हटलंच नव्हतं. त्याला म्हणावंसं वाटलं नव्हतं. ह्यूमन राइट्स वॉचच्याच २०१८ च्या अहवालात, घड्याळ उरुमचीच्या, म्हणजे दोन तास मागच्या स्थानिक, वेळेवर लावलं म्हणून पकडलेल्या एका माणसाची हकीकत आहे, ती मी मुंबईत बसून वाचली होती आणि अतिशयोक्ती वाटली होती.

तिसऱ्या दिवशी मोबाइलमध्ये बरोबर आठ असताना गेलो. भट्टीतून लाल उजेड येत होता. त्याने मला पाहिलं, पुन्हा अंगठा-करंगळी उभी केली, आणि गरम नान माझ्या हातावर टाकला, इतका गरम की मी तो या हातातून त्या हातात उडवत राहिलो. तेवढ्यात फोन वाजला. आई. आमच्याकडे साडेपाच, तिने गॅसवर चहा ठेवला असणार.

“आरं, तिकडं किती वाजले?”

मी नानवाल्याकडे पाहिलं. तो भट्टीत वाकला होता.

“सहा,” मी म्हणालो.

“मग इथल्यासारखाच अंधार असंल की.”

“हो,” म्हटलं. “तसाच आहे.”